कार्बन नॅनोट्यूबांची वर्गवारी : 'प्रश्न केव्हाच सुटला' या दाव्याचा प्रतिवाद

कार्बन नॅनोट्यूबांविषयी, म्हणजे सिलिकॉनऐवजी चिपमध्ये वापरण्याचा प्रयत्न होत असलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांविषयी, एक दावा समाजमाध्यमांवरून पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : मिश्रणातून हव्या त्या रचनेच्या नळ्या वेगळ्या काढण्याचा प्रश्न २००६ सालीच सुटला. नळ्यांचे व्यास आणि वजने वेगवेगळी असल्याने धान्य पाखडावे तशा त्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवल्या की विलग होतात. आज ९९.९ टक्के शुद्ध माल विकत मिळतो, उरलेल्या चुकार नळ्या विजेने जाळता येतात, आणि आता तर हव्या त्या एकाच रचनेच्या नळ्या थेट वाढवताही येतात. एवढे असूनही आपल्या फोनमध्ये सिलिकॉनच आहे, याचे कारण सिलिकॉनच्या धंद्यातल्या कंपन्यांनी हे तंत्र दाबून ठेवले आहे.

या मजकुरातले शेवटचे वाक्य सोडले तर बाकीच्या प्रत्येक वाक्यामागे कुठला ना कुठला खरा प्रयोग आहे. निखळ खोटे असते तर दोन ओळींत उत्तर देता आले असते. येथे मात्र खऱ्या निष्कर्षांना लागून असलेल्या अटी आणि मर्यादा तेवढ्या गाळल्या आहेत, आणि या विषयाचे सगळे मर्म त्या अटींतच आहे. म्हणून एकेक मुद्दा स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

त्याआधी नळीची रचना म्हणजे काय हे स्पष्ट करायला हवे. कार्बनच्या अणूंची एक अणू जाडीची षट्कोनी जाळी, म्हणजे ग्राफीन, गुंडाळून तिच्या कडा जुळवल्या तर जी आकृती मिळेल ती एकपदरी नॅनोट्यूब होय. जाळी कोणत्या दिशेने आणि किती रुंदीवर गुंडाळली हे दोन पूर्णांकांनी सांगतात : (६,५), (७,४), (१०,०) असे. हे दोन आकडे ठरले की नळीचा व्यास, षट्कोनांच्या ओळींचा पीळ आणि तिचे विद्युत वर्तन ही तिन्ही ठरतात. दोन आकड्यांतील फरक तीनने नि:शेष भागला जात असेल तर नळी धातूसारखी वाहक असते, आणि जात नसेल तर ती अर्धवाहक असते. काटेकोरपणे बोलायचे तर दोन्ही आकडे समान असलेल्या नळ्याच खऱ्या धातू आहेत. तीनने भाग जाणाऱ्या इतर नळ्यांत वक्रतेमुळे ऊर्जेची अगदी लहानशी फट उरते, परंतु ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे चिपवरच्या विजेच्या सूक्ष्म कळीच्या, दृष्टीने त्याही तितक्याच अडचणीच्या असल्याने त्यांची गणना धातूंतच केली जाते. हा नियम १९९२ साली सैद्धांतिक गणितातून मांडला गेला. सुमिओ इजिमा यांनी जपानमधून आणि आयबीएमच्या एका गटाने अमेरिकेतून एकपदरी नळ्या प्रत्यक्ष मिळाल्याचे १९९३ साली जाहीर केले, म्हणजे भाकीत आधी आले आणि वस्तू नंतर. कोणतीही निवड न करता नळ्या वाढल्या तर सरासरीने तीनांतील एक धातूसारखी निघते. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या काळ्या भुकटीत अशा अनेक रचना एकमेकींना चिकटून असतात.

पहिला मुद्दा व्यासाचा. (६,५) आणि (९,१) या दोन नळ्या घ्या. नळीचा व्यास तिच्या दोन आकड्यांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार यांच्या बेरजेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. (६,५) साठी ही बेरीज ३६ + २५ + ३० म्हणजे ९१ येते, आणि (९,१) साठी ८१ + १ + ९ म्हणजे पुन्हा ९१. दोन्हींचा व्यास तंतोतंत सारखा, सुमारे ०.७५ नॅनोमीटर आहे. तरीही त्या वेगळ्या नळ्या आहेत. त्यांचा पीळ वेगळा आहे आणि पाण्यात साबणद्रव्याच्या आधाराने सुट्या केल्यावर त्या देत असलेला अवरक्त प्रकाशही वेगळा आहे : पहिलीचा ९७५ नॅनोमीटरच्या आसपास, तर दुसरीचा ९१२ नॅनोमीटरच्या आसपास. प्रकाशाच्या तरंगलांबीवरून नळीचे दोन्ही आकडे ओळखण्याची ही पद्धत राईस विद्यापीठातील सर्गेई बाचिलो, ब्रूस वाइजमन, रिचर्ड स्मॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवली. आज रचनेविषयी जे काही खात्रीने बोलले जाते, त्यातले बरेचसे त्या कामावर उभे आहे. व्यासाने गाळणारी चाळणी कितीही अचूक बनवली तरी या दोन नळ्यांत ती भेद करू शकत नाही.

यावर असे म्हणता येईल की दोन्ही नळ्या अर्धवाहकच आहेत, तेव्हा त्या एकत्र राहिल्या तरी बिघडले कुठे? धातूसारख्या नळ्या तरी व्यासावरून वेगळ्या होतील की नाही? येथे गणित दावेदाराच्या बाजूने एक गमतीदार साक्ष देते, आणि ती लपवण्याचे कारण नाही. वर सांगितलेली बेरीज तीनने भागली जात असेल तरच नळी धातूसारखी असते. त्यामुळे तंतोतंत एकाच व्यासाची एक धातूसारखी आणि एक अर्धवाहक अशी जोडी निसर्गात असूच शकत नाही. कागदावर व्यास पुरेसा आहे. परंतु (६,५) च्या शेजारी (७,४) ठेवून पाहा. तिची बेरीज ४९ + १६ + २८ म्हणजे ९३, आकड्यांतील फरक तीन, म्हणून ती धातूंच्या वर्गातली. या दोघींच्या व्यासांत सुमारे ०.००८ नॅनोमीटरचा फरक आहे. कार्बनच्या दोन शेजारी अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते, म्हणजे हा फरक त्याच्या सतराव्या हिश्श्याएवढाही नाही. कोणत्याही पदार्थाचे छिद्र अणूंचेच बनलेले असते. अणूच्या इतक्या लहान अंशाने लहानमोठी छिद्रे पाडणे ही अभियांत्रिकीची उणीव भरून काढून साधणारी गोष्ट नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा आणि सेंट्रिफ्यूजचा. वजन हा निकष मुळातच बाद होतो, कारण एकाच रचनेच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या असतात आणि लांब नळी अर्थातच जड असते. २००६ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मायकेल अर्नोल्ड, मार्क हर्सम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले त्याचा वजनाशी संबंध नव्हता. त्यांनी आयोडिक्झॅनॉल या पदार्थाचे असे द्रावण घेतले की नळकांड्यात वरून खाली त्याची घनता क्रमाने वाढत जावी. हाच पदार्थ रुग्णालयांत क्ष-किरण चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून दिला जातो. अशा द्रावणात अतिवेगाने फिरवलेला कण स्वत:च्या घनतेइतक्या घनतेचा थर गाठून तेथे थांबतो, मग तो लांब असो की आखूड.

आता कळीची बाब अशी की या प्रयोगात उघडी नळी कधीच फिरत नसते. सुट्या नळ्या एकमेकींना विलक्षण जोराने चिकटतात : एका मायक्रोमीटर लांबीच्या स्पर्शामागे सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा त्यांना बांधून ठेवते. त्यांना पाण्यात सुटे करण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचा मारा करावा लागतो आणि सुटी झालेली नळी पुन्हा चिकटू नये म्हणून तिच्याभोवती साबणद्रव्याच्या, म्हणजे सर्फॅक्टंटच्या, रेणूंचे आवरण चढवावे लागते. तरंगते ते नळी, आवरण आणि आवरणाला धरून असलेले पाणी यांचे मिळून बनलेले संयुक्त शरीर. पित्तक्षारांपैकी सोडियम कोलेट हा पदार्थ वापरला तर आवरणाची घडण व्यासाप्रमाणे बदलते आणि व्यासानुसार पट्टे दिसतात. त्यात सोडियम डोडेसिल सल्फेट मिसळले तर दोन साबणद्रव्यांची नळीच्या पृष्ठभागावरील चढाओढ नळी धातूसारखी आहे की अर्धवाहक यावर अवलंबून राहते, आणि पट्टे त्याप्रमाणे पडतात. म्हणजे एकच यंत्र, तेच फेरे, केवळ साबण बदलला की वर्गवारीचा निकष बदलतो. निवड करणारा घटक रसायन आहे. सेंट्रिफ्यूज ती निवड नजरेस आणून देतो, एवढेच त्याचे काम.

त्या शोधनिबंधात ९७ टक्क्यांहून अधिक नळ्यांचे व्यास ०.०२ नॅनोमीटरच्या पट्ट्यात आणल्याची नोंद आहे. कामगिरी थोरच होती. मात्र वरचा ०.००८ हा आकडा त्या पट्ट्यात आरामात मावतो, हे दावा पसरवणाऱ्यांनी पाहिलेले दिसत नाही. शिवाय अतिवेगवान सेंट्रिफ्यूजच्या नळकांड्यात मावणारे द्रावण मोजके, लागणारा वेळ काही तासांचा, आणि यंत्र महाग. प्रयोगशाळेतील तपासणीसाठी हे चालते, कारखान्यासाठी नाही.

प्रश्न २००६ साली सुटलाच असता तर त्यानंतरच्या वर्षांत चार स्वतंत्र मार्गांवर इतके कष्ट कोणी घेतले नसते. हे मार्ग थोडे तपशिलाने पाहायला हवेत, कारण 'पद्धती पुष्कळ आहेत, कोणतीही वापरा' असा सूर त्या मजकुरात अध्याहृत आहे.

पहिला मार्ग डीएनएचा. मिंग झेंग आणि सहकाऱ्यांनी ड्यूपाँ कंपनीत असताना २००३ साली दाखवले की एकपदरी डीएनए नळीभोवती गुंडाळला जातो आणि अशा गुंडाळलेल्या नळ्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या भरीव नळकांड्यातून, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. २००९ साली झेंग, शियाओमिन तू आणि लीहाय विद्यापीठातील आनंद जगोटा यांच्या गटाने वीसहून अधिक लहान डीएनए अनुक्रम शोधले, ज्यांतील प्रत्येक अनुक्रम एखादीच रचना ओळखतो. त्यांच्या आधारे बारा अर्धवाहक रचना वेगळ्या करता आल्या. (६,५) साठी 'टीएटी' ही त्रयी चार वेळा जोडलेला बारा अक्षरी अनुक्रम चालतो. इतकी नेमकी ओळख दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत इतक्या लवकर साधली नव्हती. मला व्यक्तिश: या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. तरीही कृत्रिम डीएनए महाग पडतो आणि कोणता अनुक्रम कोणत्या नळीला जुळेल हे सांगणारा सर्वसाधारण नियम हाती नसल्याने त्या काळी बराचसा शोध चाचपडतच घ्यावा लागला.

दुसरा मार्ग जेलचा. जपानच्या एआयएसटी संस्थेत हिरोमिची कताउरा आणि ताकेशी तनाका यांच्या गटाने आधी अगारोजचे जेल वापरले. २०११ साली हुआपिंग लिऊ यांच्यासह त्यांनी प्रथिने शुद्ध करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या सेफॅक्रिल या डेक्स्ट्रानवर आधारित जेलचे स्तंभ एकापुढे एक लावले. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या द्रावणात धातूसारख्या नळ्यांवर साबणाचे आवरण दाट बसते, म्हणून त्या जेलला न धरता वाहून जातात. अर्धवाहक नळ्या जेलला धरून राहतात. या गटाची युक्ती अशी की जेल जाणूनबुजून कमी ठेवायचे आणि नळ्या गरजेपेक्षा जास्त सोडायच्या. मग जेलवरच्या थोड्या जागांसाठी नळ्यांमध्ये स्पर्धा लागते, सर्वांत घट्ट चिकटणारी रचना पहिल्या स्तंभात अडकते, तिच्याखालोखालची दुसऱ्यात, आणि असेच पुढे. या रीतीने तेरा रचना वेगळ्या मिळाल्या. स्तंभ मोठा करता येतो, जेल धुऊन पुन्हा वापरता येते, आणि अतिवेगवान सेंट्रिफ्यूजची गरज वर्गवारीच्या पायरीवर उरत नाही.

तिसरा मार्ग अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतील कॉन्स्टंटाइन ख्रिपिन, जेफ्री फेगन आणि तेथे गेलेले झेंग यांनी २०१३ साली मांडला. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान हे दोन्ही पाण्यात विरघळणारे पदार्थ पुरेशा प्रमाणात एकत्र केले की पाण्याचेच दोन थर पडतात. स्वीडनच्या पेर-ओके आल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात पेशींचे घटक वेगळे करण्यासाठी ही पद्धत विकसित केली होती. नळ्या त्यात टाकल्या आणि साबणद्रव्यांचे प्रमाण थोडे हलवले की काही रचना वरच्या थरात जातात, काही खालच्या. काम काही मिनिटांचे, साहित्य स्वस्त, आणि साधा टेबलावरचा सेंट्रिफ्यूज पुरतो. अडचण अशी की शेवटी मिळणाऱ्या नळ्या साबण आणि पॉलिमर यांच्या दाट द्रावणात बुडालेल्या असतात आणि त्यातून त्यांना स्वच्छ बाहेर काढणे हा वेगळा उद्योग होऊन बसतो.

चौथा मार्ग पाण्याचा नाहीच. ऑक्सफर्डच्या रॉबिन निकोलस यांच्या गटाने २००७ साली दाखवले की टोल्युइनमध्ये पॉलिफ्लोरीन वर्गातील काही पॉलिमर फक्त अर्धवाहक नळ्यांनाच गुंडाळतात आणि धातूसारख्या नळ्या गाळात राहतात. पॉलिमरची साखळी थोडी बदलली की निवड आणखी अरुंद होते : हायडलबर्गच्या याना त्साउमझाइल यांच्या गटाने अशाच एका पॉलिमरने जवळजवळ केवळ (६,५) नळ्या काढल्या, आणि २०१६ साली ध्वनीच्या माऱ्याऐवजी वेगाने घुसळणारे यंत्र वापरून त्या लांब आणि अखंड ठेवल्या. ही बाब गौण नाही, कारण ध्वनीच्या माऱ्याने नळ्या तुटून आखूड होतात, आणि शुद्ध पण तुटकी नळी अनेक उपयोगांना नालायक ठरते. पॉलिमरच्या मार्गात शुद्धता अतिउच्च मिळते, पण मूळ भुकटीतला अगदी लहान हिस्साच हाती येतो आणि गुंडाळलेला पॉलिमर नळीवर चिकटून राहतो. नळी आणि धातूचा संपर्कबिंदू यांच्यामध्ये तो पॉलिमर राहिला तर विजेच्या वाटेत अडथळा येतो. म्हणून नंतर विघटन करता येईल असे पॉलिमर घडवण्याचे काम चालू आहे.

या चौघांतील कोणताही मार्ग दुसऱ्याची जागा सहज घेऊ शकत नाही. पेशींतील प्रकाशचित्रणासाठी एकच रचना हवी असते, ती मिलिग्रॅमने असली तरी चालते. ट्रान्झिस्टरसाठी नेमकी रचना फारशी महत्त्वाची नसते, पण धातूसारखी एकही नळी नको असते. आणि वर आलेल्या आकड्यांतही सगळी माहिती नसते : दोन्ही आकडे समान असलेल्या आणि दुसरा आकडा शून्य असलेल्या नळ्या वगळता प्रत्येक रचनेची एक उजव्या पिळाची आणि एक डाव्या पिळाची आवृत्ती असते. त्यांना वेगळे करण्याचे यश क्योतोजवळच्या शिगा येथील नाओकी कोमात्सु यांच्या गटाला २००७ साली आणि वाइजमन यांच्या गटाला २०१० साली मिळाले. 'रचनेनुसार वेगळ्या केल्या' हे विधान यांतील कोणत्या पायरीविषयी आहे हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ नसतो.

आता ९९.९ टक्क्यांकडे वळू. हा मजकुरातला सर्वांत फसवा आकडा आहे, कारण सामान्य व्यवहारात ९९.९ टक्के शुद्ध वस्तू शुद्धच मानली जाते. ट्रान्झिस्टर ही वीज चालू-बंद करणारी कळ आहे. अर्धवाहक नळीतला प्रवाह गेटच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या नियंत्रक टोकाच्या, व्होल्टतेने थांबवता येतो, धातूसारख्या नळीतला थांबवता येत नाही. एका ट्रान्झिस्टरमध्ये अनेक नळ्या शेजारी शेजारी असतात, आणि त्यांत एक जरी धातूसारखी असली तरी बंद अवस्थेतही वीज गळत राहते. समजा एका ट्रान्झिस्टरमध्ये दहा नळ्या आहेत आणि चिपवर शंभर कोटी ट्रान्झिस्टर आहेत. एकूण नळ्या एक हजार कोटी झाल्या. ९९.९ टक्के शुद्धतेत त्यांपैकी एक कोटी नळ्या धातूसारख्या निघतील. ९९.९९९९ टक्के शुद्धता आणली तरी दहा हजार उरतील. दशांशचिन्हानंतरचा एकेक नऊ वाढवणे म्हणजे येथे दहापट काम असते, आणि ते काम प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा अवघड होत जाते.

याच ठिकाणी मोजमापाचा प्रश्न येतो, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. नळ्यांच्या द्रावणातून प्रकाश सोडून शोषणाचा वर्णपट पाहणे ही नेहमीची तपासणी आहे. धातूसारख्या नळ्यांचा पट्टा शेकडा एकाच्या आसपास आला की तो पार्श्वभूमीत बुडून जातो. म्हणजे वर्णपटावरून '९९ टक्क्यांहून अधिक' एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. त्यापुढच्या नऊंसाठी प्रत्यक्ष ट्रान्झिस्टर बनवून एकेक नळी विजेने तपासावी लागते. संख्याशास्त्राचा साधा हिशोब असा की ९९.९९ टक्के शुद्धतेची ग्वाही ९५ टक्के विश्वासाने द्यायची असेल तर सुमारे तीस हजार नळ्या तपासून त्यांत एकही धातूसारखी सापडता कामा नये. एखाद्या बाटलीवर छापलेला आकडा पाहून तो वर्णपटाचा की विद्युत चाचणीचा, हे विचारणे म्हणूनच अत्यावश्यक असते.

या बाबतीत प्रगती दोन बाजूंनी झाली आहे. पेकिंग विद्यापीठाच्या गटाने २०२० साली पॉलिमरच्या मार्गाने वारंवार निवड करून ९९.९९९९ टक्क्यांहून अधिक शुद्धता आणि दर मायक्रोमीटरमागे १०० ते २०० नळ्यांची समांतर मांडणी दहा सेंटिमीटरच्या वेफरवर, म्हणजे चिप जिच्यावर घडवतात त्या चकतीवर, साधल्याचे जाहीर केले. दुसरीकडे, एमआयटीतील मॅक्स शुलाकर यांच्या गटाने २०१९ साली १४,००० हून अधिक नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरांचा १६-बिट प्रोसेसर बनवला तो शुद्धता वाढवून नव्हे, तर गरज कमी करून. कोणत्या तर्कद्वारांच्या (ट्रान्झिस्टर जोडून केलेल्या, हो-नाही ठरवणाऱ्या मंडलांच्या) जोड्या धातूसारख्या नळ्यांमुळे बिघडतात आणि कोणत्या तग धरतात हे पाहून त्यांनी आराखडाच असा केला की ९९.९९९९९९ टक्क्यांऐवजी ९९.९९ टक्के शुद्धता पुरावी. मजकुरातले ९९.९ टक्के या सवलतीच्या अटीतही बसत नाहीत.

जाळून टाकण्याचा उपाय खरा आहे आणि जुना आहे. आयबीएमच्या फिलिप कॉलिन्स, मायकेल अर्नोल्ड आणि फेडॉन अवूरिस यांनी २००१ साली दाखवले की गेटने अर्धवाहक नळ्या बंद करून जोराचा प्रवाह सोडला तर फक्त धातूसारख्या नळ्या हवेत जळून तुटतात. स्टॅनफर्डच्या गटाने २०१३ साली १७८ ट्रान्झिस्टरांचा संगणक याच तत्त्वाचा विस्तार करून बनवला. त्यासाठी जाळण्यापुरते खास विद्युतमार्ग आधी बसवून नंतर काढावे लागले. नळ्या दूरदूर असताना हे जमते. दर मायक्रोमीटरमागे शंभर-दोनशे नळ्या दाटीने असतील तर जळणाऱ्या नळीची उष्णता शेजारणीलाही भोवते, आणि जिथे नळी होती तिथे भोक राहते. शिवाय मूळ मिश्रणात तीनांतील एक नळी जाळायची असेल तर तो उपाय राहत नाही. वर्गवारी आधी झालेली असेल तेव्हाच जाळणे परवडते.

थेट वाढवण्याच्या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. टंगस्टन आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे स्फटिक उत्प्रेरक म्हणून वापरून पेकिंग विद्यापीठाच्या यान ली यांच्या गटाने २०१४ साली ९२ टक्क्यांहून अधिक नळ्या एकाच रचनेच्या वाढवल्या, आणि उत्प्रेरकाचा आकारच नळीचे आकडे ठरवू शकतो हे सिद्ध केले. ती रचना होती (१२,६). फरक सहा, तीनने भाग जातो, म्हणजे धातूसारखी. मजकुरात हाच प्रयोग ट्रान्झिस्टरांच्या संदर्भात पुरावा म्हणून वापरला जातो. आणि रचना कोणतीही असली तरी ९२ टक्के आणि ९९.९९ टक्के यांच्यामधले अंतर पुन्हा वर्गवारीनेच भरावे लागते.

राहिला कंपन्यांनी दाबून ठेवल्याचा आरोप. नळ्या जाळण्याची युक्ती सिलिकॉनच्या धंद्यातल्या आयबीएमने प्रसिद्ध केली. त्याच कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली रासायनिक स्व-मांडणीने दहा हजारांहून अधिक नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर एका चिपवर उभे केल्याचे उघडपणे छापले. एमआयटीच्या गटाने २०२० साली नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर अॅनालॉग डिव्हायसेस आणि स्कायवॉटर या दोन व्यापारी सिलिकॉन कारखान्यांत, तिथल्याच यंत्रांवर बनवले आणि वेफरवर नळ्या बसवण्याचा वेळ अकराशे पटींहून अधिक घटवला. दाबून ठेवायचे असते तर कारखान्याचे दार उघडले नसते.

सिलिकॉनच्या कारखान्यातील माणसाचे आक्षेप वेगळ्या जातीचे असतात, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. नळ्या लोह, कोबाल्ट अशा धातूंच्या कणांवर वाढवल्या जातात आणि त्या धातूंचे अवशेष त्याच्या यंत्रांत शिरलेले त्याला चालत नाहीत. पाण्याच्या मार्गांनी केलेल्या वर्गवारीत वापरले जाणारे सोडियम कोलेट आणि सोडियम डोडेसिल सल्फेट या दोन्हींत सोडियम आहे, आणि गेटखालच्या ऑक्साइडमध्ये फिरणारे सोडियमचे आयन ट्रान्झिस्टरची उंबरठा-व्होल्टता, म्हणजे तो ज्या व्होल्टतेला चालू होतो ती, सरकवतात, हे त्या धंद्याने १९६० च्या दशकात मोठी किंमत मोजून शिकलेले आहे. पॉलिमर आणि टोल्युइनच्या मार्गाकडे इलेक्ट्रॉनिकीतील गट झुकले, त्याला हेही एक कारण आहे. रचनेच्या दृष्टीने ९९.९९९९ टक्के शुद्धता गाठलेली नळ्यांची बाटली या कसोटीवर पहिल्याच दारात अडू शकते.